पटावर नसलेली पोर

१४ जून, शनिवार

स. हजर.

आजी-मंडळाची पहिली मीटिंग झाली. समाज मंदिरात. वेळ अकराची, संस्थेचे सर आले पाऊण वाजता. बेंगळूरचे. बूट भारीतले. बाहेर काढायला लावले तर मोज्याला अंगठ्यापाशी भोक.

नातवंडं सांभाळणाऱ्या आम्ही पंधराजणी. गोल बसवलं आणि हातात प्लास्टिकचा चेंडू दिला. जिच्याकडं चेंडू येईल तिनं 'आज मला कसं वाटतंय' ते सांगायचं. तीस वर्षं अंगणवाडी चालवली मी, हाच खेळ तीन वर्षांच्या पोरांना खेळवला. ती निदान चेंडू चाटायची तरी.

सर म्हणाले, आजी म्हणजे घराचा न दिसणारा खांब. ते कन्नडातून बोलले, मग रेश्मा म्हणून संस्थेची पोरगी आहे तिनं ते मराठीत सांगितलं. मला दोन्ही वेळा समजलं आणि दोन्ही वेळा त्यात काही निघालं नाही.

माझी पाळी आली. "कसं वाटतंय, आज्जी?" म्हटलं, गुडघे दुखतात. रेश्मानं वहीत लिहिलं, 'दुःख'.

पुढं घरची माहिती. नात समीक्षा, बारा वर्षांची, सातवीला. तिची आई, म्हणजे माझी विद्या, काविळीनं गेली त्याला सहा वर्षं झाली. बाप आहे. असून काय. रेश्मा म्हणाली, "वडिलांचा सपोर्ट आहे का?" ताराक्का शेजारी बसलेली, ती फिस्सकन हसली. मला उत्तर द्यावं लागलं नाही.

१६ जून, सोमवार

स. हजर.

ही वही अंगणवाडीची आहे. रिटायर झाले तेव्हा कोऱ्या हजेरीवह्या उरल्या होत्या, त्यातल्या सहा घरी आल्या. सरकारचं एवढंच माझ्या घरात आलं. नावाचा एक रकाना, पुढं एकतीस बारकी घरं. समीक्षाला नुसतं 'स.' लिहिते. घरात मावत नाही नाव.

आज तिनं विचारलं, "आज्जी, तू रोज माझी हजेरी का मांडतीस? मी काय जातोय कुठं?" मुलग्यांसारखं बोलायची सवय लागली आहे तिला, शाळेतनं. म्हटलं, हात गप बसत नाही, म्हणून.

२८ जून, शनिवार

स. हजर.

दुसरी मीटिंग. 'ताणमुक्ती'. डोळे मिटून श्वास घ्यायचा आणि नदीकाठ आठवायचा. आमची नदी आठवली की मला साखर कारखान्याचा वास येतो. डोळे उघडून बघितलं तर निम्म्या बायका झोपलेल्या. ताणमुक्ती झाली म्हणायची.

शेवटी प्रत्येकीला भेट म्हणून स्टीलचा डबा आणि फोटो. ताराक्कानं डबा असा खांद्याजवळ धरला की जणू आखाड्यात गदा मिळाली. ती आमच्या गल्लीतली. लेक गोव्याला सेंट्रिंगच्या कामावर, सून माहेरी, दोन नातू हिच्या गळ्यात. तोंड फाटकं, पण भाकरी उसनी आणायला मी तिच्याकडंच जाते.

फॉर्म सगळे कन्नडातनं. बाकीच्यांना बोलता येतं, लिहिता येत नाही. पंधराच्या पंधरा मीच भरले. सरांना आश्चर्य. मराठी बाई आणि अक्षर इतकं वळणदार कसं म्हणे. तीस वर्षं रोज कन्नडात रजिस्टर लिहिलं, साहेब. अक्षर चांगलं होणारच. आत काय लिहिलं ते कुणी विचारत नाही.

५ जुलै, शनिवार

स. हजर.

जावई आला. संजय. सहा वर्षांत चौथ्यांदा. मित्राची गाडी, पाव किलो पेढे आणि समीला मोबाइल. पेढे पाव किलो आणि मोबाइल, तेव्हाच मी ओळखलं की हा काहीतरी न्यायला आलाय.

दुसरं लग्न करून तीन वर्षं झाली. गेल्या वर्षी जुळे झाले, दोन्ही मुलगे. बायको नोकरी करते. ह्याची आई गुडघ्यातनं गेली. मग लेकीची आठवण आली.

"मामी, समीला न्यायचं म्हणतोय. किती झालं तरी बापाचं घर त्ये बापाचं घर."

"इतके दिवस त्या घराला दार न्हवतं काय?"

"तुमी असं तोडून बोलू नका. तुमचं बी वय झालं."

समीनं चहा दिला, मग कपबशा विसळल्या. तो बघत होता. बाजारात खोंडाचे दात बघतात तसं बघत होता.

तीन महिन्यांची होती ही, तेव्हा विद्या घेऊन आली. निपाणीला हॉस्पिटलात नर्स, रात्रपाळी. सासू म्हणाली, पोरीची जात, कोण करणार तिचं. हा शेजारी उभा होता, भिंतीला टेकून. आता वाढवलेली, शिकवलेली, भाकरी थापता येणारी पोर पाहिजे. आयत्या बिळावर नागोबा.

संध्याकाळी समी मोबाइलमध्ये जुळ्यांचे फोटो बघत बसलेली. "आज्जी, ह्येचं नाक माझ्यासारखं हाय." मी बघितलं नाही.

१० जुलै, गुरुवार

स. हजर.

पोस्टानं कागद आला. मुलांच्या समितीकडून. संजयनं अर्ज घातलाय. त्यात म्हणतो, मुलगी सहा वर्षांची होईपर्यंत आमच्याकडंच वाढली, आई वारल्यावर शाळेपुरती आजीकडं ठेवली, आता आजीचं वय झालं, ताबा मिळावा.

शाळेपुरती. पेढे देताना तोंडातनं हे बाहेर पडलं नव्हतं.

तीनदा वाचला. कन्नड शुद्ध आहे, खोटं तेवढंच शुद्ध आहे.

१२ जुलै, शनिवार

स. हजर.

मंडळात गेले नाही. तर रेश्माच स्कूटी घेऊन दारात. कागद दाखवला. तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "रडावंसं वाटलं तर रडा आज्जी, मी आहे."

म्हटलं, आमच्याकडं आठ दिवसातनं एकदा पाणी येतं, ते डोळ्यातनं कुठं घालवू.

ओशाळली. मग कामाचं बोलली, ते बरं बोलली. पहिलीपासूनचा दाखला शाळेत आहे, त्याची अडचण नाही. प्रश्न त्याआधीचा. तीन महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत पोर कुठं होती ह्याचा कागद पाहिजे. समितीच्या मॅडम कागद बघतात.

मग एकदम तिचा चेहरा उजळला. "अंगणवाडी तर तुमचीच होती की! रजिस्टरात रोजची हजेरी असणार. सोपं झालं."

मी चहा प्याले.

१४ जुलै, सोमवार

स. हजर.

आज लिहूनच टाकते. इथं कोण बघतंय.

समीचं नाव माझ्या रजिस्टरात नाही. एक दिवससुद्धा नाही.

रांगायला लागल्यापासून ती माझ्या अंगणवाडीत होती. सकाळी सगळ्यांच्या आधी, माझ्या काखेला. तिथंच चालायला लागली, तिथंच तिची अक्षरं झाली. आणि पटावर नाही. का, तर तिच्या दुसऱ्या आजीनं, संजयच्या आईनं, तिकडं विद्याच्या सासरच्या गावी अंगणवाडीत तिचं नाव घालून ठेवलेलं. तिकडनं गूळ, शेंगदाणे, पीठ घरी यायचं. विद्या म्हणाली, "आई, नाव काढायला सांगितलं तर त्या घरात मला बसू द्यायच्या न्हाईत." एक पोर दोन ठिकाणी चालत नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही नको होतं. लोक म्हणाले असते, टीचरनं घरचंच पोर घातलं. आमच्या वस्तीतली पहिली शिकलेली बाई मी, पहिली नोकरी. सुरुवातीची चार वर्षं वरच्या गल्लीतल्या बायका पोरं पाठवायच्या आणि मी दिलेलं खाणं घरी नेऊन म्हशीला घालायच्या. मला कुणी बोट दाखवलेलं खपलं नसतं.

आणि वहीत होतं कोण? त्याच वरच्या गल्लीतली पोरं, आमच्यातलीही एखाद-दुसरी. ती चार वर्षांची झाली की बस त्यांना इंग्लिश मीडियमला न्यायची. त्यांची नावं मी कापली नाहीत. पट पंचवीसच्या खाली गेला तर अंगणवाडी उचलून दुसऱ्या गावाला नेतो, असा सुपरवायजरचा दम होता. मग दर सोमवारी सकाळी सगळ्या आठवड्याची हजेरी एकदम भरायची. मंगळवारी काय होणार ते मला सोमवारीच माहीत. गैरहजर कुणीच नाही. तीस वर्षांत तो शब्द मी लिहिल्याचं आठवत नाही.

पूर्ण हजेरीबद्दल तालुक्यात सत्कार झाला. शाल, नारळ, 'आदर्श' म्हणून फ्रेम. भिंतीवर बुद्धाच्या शेजारी लावली आहे. त्यांचे डोळे मिटलेले आहेत ते बरं.

जी पोरं नव्हती ती हजर, जी रोज मांडीवर होती ती नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याची किती टिंगल केली असती.

१५ जुलै, मंगळवार

स. हजर.

तरी अंगणवाडीत जाऊन आले. नवी टीचर पोरगी आहे, मोबाइलवर हजेरी घेते, फोटोसकट. जुनी रजिस्टरं पत्र्याच्या पेटीत. उघडून बघितली. कसरीनंसुद्धा खाल्ली नाहीत. माझं वळणदार अक्षर, ओळीनं.

"काय पाहिजे होतं काय, टीचर?"

"न्हाय. जिवंत हायत का बघाय आलते."

२६ जुलै, शनिवार

स. हजर.

मंडळात आज 'स्वतःसाठी वेळ' ह्यावर भाषण. मी स्वतःसाठी वेळ काढून रेश्माला बाहेर व्हरांड्यात नेलं. तिनं संजयनं जोडलेल्या कागदांची नक्कल आणली होती. त्याच्या गावच्या अंगणवाडीचा दाखला, सोबत तीन वर्षांच्या हजेरीची झेरॉक्स. कु. समीक्षा, हजर, हजर, हजर.

बघताक्षणी कळलं. महिनाभराच्या खुणा एका बैठकीत घातलेल्या. हात सुरुवातीला ताठ, पंधरवड्यानंतर सैल पडलाय. सुताराला लाकूड कळतं तसं मला हे कळतं. त्यातल्या एका फेब्रुवारीत समीला कांजिण्या आलेल्या, माझ्या घरात लिंबाच्या पाल्यावर अठरा दिवस निजून होती. तिकडं अठराही दिवस हजर.

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"सिद्ध कसं करायचं?"

"मला म्हाईत हाय, ह्ये कसं भरत्यात ते."

"कसं काय?"

आत टाळ्या वाजल्या. मी आत गेले.

त्या तिकडच्या टीचरला शिव्या घालायच्या म्हणून पेन उचललं होतं. दोन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. बिचारीला तिथला सुपरवायजर दम देत असणार.

९ ऑगस्ट, शनिवार

स. हजर.

आज मंडळाचा आणि माझा संबंध संपला.

रेश्मानं सगळ्यांसमोर माझी केस काढली. मदत करायची म्हणून. टीचरकडं पुरावा नाही, कुणाला काही सुचतंय का. मला न विचारता. गल्लीतल्या नळावर भांडी मांडावीत तसं माझं घर मांडलं.

ताराक्का म्हणाली, "पुरावा कुठला असणार? पटावर न्हवतीच की ती. माझा नातू संदीप मात्र दोन वर्सं हजर हुता टीचरच्या वहीत, आन् त्यो तवा कॉन्व्हेंटाच्या बसमदनं जायाचा."

हसल्या सगळ्या. कुचक्या नव्हत्या हसल्या, उगाच आपल्या, जुनी गोष्ट निघाल्यावर हसतात तशा. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. इतकी वर्षं 'टीचर, टीचर' करत माझ्यापुढं पदर सावरून उभ्या राहायच्या आणि आत सगळं माहीत. मी भिंतीवर फ्रेम लावून बसले होते ती कुणासाठी?

उठले, डबा तिथंच ठेवला, घरी आले. खाई त्याला खवखवे, हे मीच पोरांना शिकवायचे.

१० ऑगस्ट, रविवार

स. हजर.

ताराक्का सकाळी दारात. हातात माझा डबा, आत गरम आंबील. आली ती सरळ चुलीपाशी बसली.

"रागावलीस व्हय?"

मी चुलीत लाकूड सारलं.

"आगं, वंगाळ म्हणून न्हाय बोलले मी. तू वही भरली न्हवतीस तर अंगणवाडी उचलून नेली असती न्हवं? मग वस्तीतली पोरं कुठं बसली असती? आमी शेतावर, ती उकिरड्यावर. गावाला समदं म्हाईत हाय, म्हणूनच कोण बोललं न्हाय कवा."

"मग काल का बोललीस?"

"काल तुझी पोर चालली म्हणून. तिथं जाऊन सांग की ह्येच. वही कशी भरत्यात, तू भरलीस, तिकडचीनं बी भरली. आमी येतो की साक्षीला. समी तुझ्या काखेत असायची ह्ये आमी डोळ्यांनी बघितलंय."

म्हणजे समीचं खरं करायचं तर स्वतःचं खोटं आधी चव्हाट्यावर मांडायचं. तिला सोपं आहे. तिच्या भिंतीवर फक्त कॅलेंडर आहे.

आंबील प्याले. मीठ जास्त होतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

स. हजर.

रेश्माला सगळं सांगितलं. वाटलं, हिचं तोंड बारीक होईल. तिनं फक्त विचारलं, "किती वर्षं?" म्हटलं, "सगळी."

तिनं सरांना फोन लावला. सरांचं म्हणणं, हे अजिबात बोलायचं नाही. संस्थेचं नाव मध्ये येईल, सरकारी खात्याशी वाकडं येईल. त्यापेक्षा आजी आणि नात ह्यांच्यातल्या जिव्हाळ्याचा रिपोर्ट करू, भावनांचा तक्ता जोडू आणि आजींच्या 'आदर्श' सत्काराचा फोटो. म्हणजे ज्या खोट्याचा सत्कार झाला तेच खोटं पुढं करायचं. उथळ पाण्याला खळखळाट फार, आणि मोज्याला भोक.

"मग तू काय करणार?" मी रेश्माला विचारलं. मनात म्हटलं, ही पगारी पोरगी, ही काय करणार.

"त्या दिवशी रजा टाकते. संस्थेतर्फे नको, तशीच येते तुमच्याबरोबर. कन्नड बोलायला कुणी लागलं तर."

"मला येतं कन्नड."

"माहीत आहे. तरी येते."

वाटली तितकी पोकळ नाही पोरगी. वाईट वाटलं थोडं, नावं ठेवायची एक हक्काची जागा कमी झाली.

६ सप्टेंबर, शनिवार

स. हजर.

समीला कुणीतरी सांगितलं. संदीपनंच असणार, ताराक्काच्या नातवानं, दोघं एका वर्गात. कॉन्व्हेंट सुटून तो शेवटी हिच्याच शाळेत आला.

मी भाकरी थापत होते. ती मागं उभी.

"आज्जी, मी अंगणवाडीत हुते न्हवं?"

"हुतीस की."

"मग संद्याचं नाव हाय आन् माझं का न्हाय?"

सांगितलं. तिकडचं रेशन, लोकांची तोंडं, माझी नोकरी. जमेल तेवढं खरं सांगितलं.

"लोक बोलतील म्हणून मी न्हवते?"

भाकरी हातातच मोडली. गोळा केली, परत मळली.

थोड्या वेळानं म्हणाली, "मला त्या बाळांस्नी एकदा बगायचं हाय."

"आन् मग?"

"मग काय न्हाय. बगायचं हाय फक्त."

मोबाइल काढून घ्यावा असं वाटलं. त्यातल्या एका बाळाचं नाक खरंच हिच्यासारखं आहे, मी चोरून बघितलं होतं. विद्याचं नाक नाही ते, संजयच्या आईचं. त्या बाईचं काहीतरी माझ्या घरात इतकी वर्षं वाढतंय.

मला भीती वाटते. हे एकदा लिहून ठेवते आणि पुढचं पान घेते.

१८ सप्टेंबर, गुरुवार

स. हजर.

बेळगावला तारीख होती. सकाळच्या बसनं आम्ही पाचजणी. ताराक्का, वस्तीतल्या आणखी दोघी, रेश्मा आणि मी. आणि समी. तिघींनी आपापले मंडळाचे डबे आणले होते, भाकरी-ठेच्याचे. डब्यांचा पहिल्यांदा उपयोग झाला.

संजय पांढऱ्या शर्टात. येऊन पाया पडला, चारचौघात. त्याला वाकता येतं हे मला माहीत नव्हतं.

मॅडम वयानं माझ्या विद्याएवढ्या. संजयचे कागद वर ठेवलेले. मला विचारलं, "तुमच्याकडं काय आहे?"

मी फ्रेम नेली नव्हती. म्हटलं, "कागद नाही. तो दाखला खोटा आहे. मी तीस वर्षं अंगणवाडीत होते, मीपण असंच भरलंय. माझ्या पटावर जी पोरं होती ती गावात नव्हती. आणि ही रोज होती ती पटावर नव्हती." मग सोमवारचं सांगितलं. झेरॉक्सवर बोट ठेवून दाखवलं, हात कुठं थकलाय ते. कांजिण्यांचे दिवस सांगितले.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे लिहून घेऊ का? तुमच्यावर येईल."

"लिहा. कन्नडात लिहा, म्हणजे वाचून तपासता येईल मला."

संजय हसला. "बघा मॅडम, स्वतःच खोटारडी म्हणून सांगत्यात. ह्यांच्याकडं पोरगी ठेवायची?"

मॅडमनीही तेच विचारलं, जरा मऊ करून. "इतकी वर्षं खोटं लिहिलंत, तर आज तुमच्यावर विश्वास का ठेवू?"

"ठेवू नका," मी म्हटलं. "ह्या तिघींना विचारा."

ताराक्का उठली आणि जे काय बोलली. संदीपची बस, अंगणवाडीची पायरी, समीचे पहिले दात, मी कुणाला कधी काय टाकून बोलले ते सगळं. मध्येच मॅडमना म्हणाली, "ही बाई लई शिष्ट हाय, कुणाला कवा गोड बोलली न्हाय. पर पोरांस्नी उपाशी ठेवलं न्हाय कवा, आपल्या बी आन् दुसऱ्याच्या बी." माझी आजपर्यंत कुणी इतकी अब्रू काढली नव्हती. रेश्मा खाली मान घालून बसली होती, हसत होती की रडत होती कळलं नाही.

मग समीला एकटीला आत घेतलं. दार लावलं. वीस मिनिटं. संजय मोबाइल बघत होता. मी दाराची कडी बघत होते.

मॅडमनी सांगितलं, पोरीशी बोलले. दोन्हीकडचं ऐकलं. त्या गावच्या रजिस्टराची चौकशी लावते. माझ्याही. दसऱ्याची सुट्टी मुलगी वडिलांकडं राहील, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी परत आणून सोडायची, मग तिला पुन्हा विचारून ठरवू.

"तिकडं कशाला धाडताय?" ताराक्का.

"मुलीनं स्वतः सांगितलं, जाऊन बघायचं आहे."

बसमध्ये समी माझ्या शेजारी बसली. मग तिनं माझ्या पिशवीतनं डबा काढला आणि उरलेली भाकरी खाल्ली. मी म्हटलं, खरं बोललीस ते चांगलं केलंस. तोंडातनं निघालं खरं, पण मनात नव्हतं.

२० सप्टेंबर, शनिवार

स. हजर, दुपारी तीनपर्यंत.

संजय न्यायला आला. आज पेढेसुद्धा नाहीत.

तिनं कपडे स्वतः भरले. मोबाइल, चार्जर, बाळांना म्हणून ताराक्काकडनं शिवून घेतलेली दोन टोपरी. ताराक्काला ही टोपरी शिवायला लाज कशी वाटली नाही, हे मी तिला विचारणार आहे.

दप्तर राहिलं. खुंटीला तसंच आहे. सुट्टीचा अभ्यास दिलाय शाळेत, तरी ठेवून गेली. नको म्हणून ठेवलं की परत यायचंय म्हणून, ते मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

गाडीत बसताना म्हणाली, "आज्जी, गोळी खा वेळेवर." बारा वर्षांची पोर मला गोळी सांगते. संजय म्हणाला, "मामी, काळजी करू नका, घरचीच पोरगी हाय." दार त्यानं लावलं.

आज सगळा दिवस कुणाला नावं ठेवायला सुचलं नाही. संध्याकाळी फ्रेम काढली आणि पत्र्याच्या ट्रंकेत पालथी घातली. भिंतीवर चौकोनी पांढरी जागा राहिली आहे, तीही कुणाला दाखवण्यासारखी नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

सकाळी रेश्माचा फोन. "आज्जी, कसं वाटतंय?"

"गुडघे दुखतात."

पलीकडं ती काही लिहीत नव्हती, ते फोनवरसुद्धा कळतं. मग म्हणाली, शनिवारी मीटिंग आहे, चेंडू आणणार नाही. म्हटलं, आण. मंडळातल्या गंगूबाईला खेळायला लागतो.

ताराक्का दोनदा येऊन गेली. एकदा मिरच्या मागायला, एकदा त्याच मिरच्या परत द्यायला.

समीचा फोन नाही. मी केला नाही.

वही घेतली. आज सोमवार. हात आपोआप पुढं सरकला, सोमवारच्या घरात खूण, मग मंगळवारकडं, सगळा आठवडा एका दमात भरायला. हजर, हजर. दुसऱ्या घरावर पेन थांबलं. पहिल्या घरातली खूण खोडली. कागद फाटेपर्यंत खोडली.

खाली लिहिलं, स. गैरहजर. अक्षर वाकडं आलं, ह्या शब्दाची सवय नाही हाताला.

मंगळवारचं घर कोरं ठेवलंय.